तक्रारीत ‘बी विंग’ आलं आणि खालचं सगळं बोल्ड झालं

घोडबंदरची_सेक्रेटरी:
कासारवडवलीच्या आमच्या सोसायटीसाठी ऑनलाइन तक्रारवही मीच बनवली आहे, जावास्क्रिप्ट शिकत शिकत. सगळ्या तक्रारी एका स्ट्रिंगमध्ये (सलग मजकुरात) जोडून इनरएचटीएमएलला देते, म्हणजे ब्राउझर तो मजकूर एचटीएमएल कोड समजून पानावर दाखवतो. परवा एका आजोबांनी टोकदार कंसात इंग्रजी बी, पुढे ‘विंग’ आणि कंसाबाहेर ‘टँकर आला नाही’ असं लिहिलं. ‘बी विंग’ गायब, आणि तिथून खाली सगळं बोल्ड! पार्किंगवाले विचारतात, आज आमच्या तक्रारींना एवढा भाव कसा? डावा कंस नुसता चिन्ह म्हणून दिसावा म्हणून रिप्लेस लावून त्याच्या जागी ‘अँपरसँड (&) एलटी’ हा कोड घालायला गेले तर पहिलाच बदलतो, पुढचे तसेच. काय चुकतंय?

ऐरोलीकर:
ताई, ब्राउझरला तो बी टॅग (अक्षरं बोल्ड करणारी एचटीएमएलची खूण) वाटला आणि ‘विंग’ ही त्याला जोडलेली माहिती, म्हणजे त्याचं अ‍ॅट्रिब्यूट. नशीब तुमच्याकडे एस विंग नाही, नाहीतर एस टॅगमुळे सगळ्या तक्रारींवर काट मारलेली दिसली असती. डाव्या कंसाला लागून मराठी अक्षर असतं तर काहीच झालं नसतं, कारण टॅगचं नाव इंग्रजी अक्षरानेच सुरू होतं. म्हणून नुसतं मराठीत टाइप करून ‘चालतंय की’ म्हणू नका.
रिप्लेसला साधी स्ट्रिंग दिली की पहिलाच बदलतो, रिप्लेसऑल वापरा. पण मुळात हा खटाटोप कशाला? क्रिएटएलिमेंटने प्रत्येक तक्रारीचा वेगळा डिव्ह (पानावरचा वेगळा कप्पा) करा, मजकूर टेक्स्टकन्टेन्टला द्या. तिथे कंस कंसच राहतो.

वागळे_नाइटशिफ्ट:
बोल्डचं सोडा. कोणी इमेज टॅगमध्ये ऑनएरर (चित्र उघडलं नाही की चालणारा कोड) घालून पाठवलं तर तो कोड तुमच्या लॉगिनमध्ये चालेल. इनरएचटीएमएलने घातलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही, म्हणून मी एकदा निर्धास्त राहिलो आणि तोंडावर आपटलो.
स्ट्रिंगच जोडायची असेल तर अँपरसँड सगळ्यात आधी बदला. मग दोन्ही कंस, दुहेरी आणि एकेरी अवतरण. मी अँपरसँड शेवटी घेतला होता. आधी बदललेल्या कंसांतलाही अँपरसँड पुन्हा बदलला गेला आणि पानभर ‘अँपरसँड एलटी’चा चिवडा.

घोडबंदरची_सेक्रेटरी:
टेक्स्टकन्टेन्टने झालं! फक्त आजोबांनी टँकरच्या तारखा एन्टर मारून लिहिल्या होत्या, त्या एका ओळीत आल्या.

ऐरोलीकर:
सीएसएसमध्ये (पानाच्या दिसण्याच्या नियमांत) व्हाइटस्पेसला प्री-लाइन द्या. ओळ तोडणारा बीआर टॅग जोडायला जाल तर परत इनरएचटीएमएलच्या दारात.

घोडबंदरची_सेक्रेटरी:
दिलं, ओळी सुटल्या. पण कालच्या काही तक्रारी मी कंस बदलूनच डेटाबेसात टाकल्या होत्या, त्यात आता तोच ‘एलटी’चा चिवडा दिसतोय. पोळ्या झाल्या की निस्तरायला बसते.