शुगर आहे म्हणून हप्ता जास्त: लूट की हिशोब?

कृष्णाकाठ (सांगली): परवा इथं एकानं लिहिलं, विमावाले आजारी माणसाला लुटतात, सरळ फॉर्ममध्ये सगळीकडं "नाही" लिहा, तीन वर्षं झाली की कोण विचारत नाय. डोकंच उठलं. ते तीन वर्षांचं विमा कायद्यातलं कलम 45 आयुर्विम्याचं. मेडिक्लेमला 60 महिने लागतात, आणि फसवणूक सिद्ध झाली तर त्यानंतरपण गेलाच क्लेम. आणि त्या तीन वर्षांतच माणूस गेला तर बायकोपोरांनी काय करायचं? एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) साडेआठ असणाऱ्याला आणि साडेपाचवाल्याला एकच हप्ता का?

सातारी मिरची: मीच लिहिलेलं ते. हिशोब शिकवू नका. माझी शुगर गोळीवर कंट्रोलमध्ये, रोज पहाटे अजिंक्यतारा चढतो, तरी लोडिंग, म्हणजे आजारापायी जादा हप्ता! शेजारचा दिवसभर खुर्चीत बसून वडापाव हाणतो, त्याचे रिपोर्ट नॉर्मल म्हणून तो शहाणा.

कराडची सून: शुगरचं सोडा. आमच्या जाऊबाईंनी टर्म प्लॅन काढला. एजंटनं विचारलं सिगारेट ओढता का, त्या म्हणाल्या छे. लघवीच्या टेस्टमध्ये कोटिनिन निघालं आणि डायरेक्ट स्मोकरचा रेट. का तर मिश्री! जन्मात बिडी हातात धरली नाही हो.

मिरजेचा लॅबवाला: मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच की ताई. निकोटिन हिरड्यातून रक्तात जातं, त्याचं कोटिनिन होतं. धूर निघाला का नाही ते मशीनला काय कळणार. फॉर्ममध्ये "कोणत्याही स्वरूपात तंबाखू" असं असतं, वाचतंय कोण.

कराडची सून: बायकांची मिश्रीच दिसती तुम्हाला. पारावर बसून चुना मळणारे गडी फॉर्मवर "निर्व्यसनी" लिहितात ते?

मिरजेचा लॅबवाला: त्यांचंपण निघतं. दोन-चार दिवस सोडून येतात आणि वाटतं सुटलो.

तासगावकर: मूळ दोष एजंटांचा. माझ्या वडलांचं बीपी मी तोंडानं सांगितलं, त्यानं "कशाला लिहायचं, मेडिकल लागंल" म्हणून टिक मारली "नाही"वर. अँजिओप्लास्टीच्या टायमाला क्लेम रिजेक्ट, तेव्हा तो फोन उचलेना.

वाईचा एजंट: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. सही कोणाची होती?

तासगावकर: कोऱ्या फॉर्मवर घेतलेली, साहेब! लाज वाटू द्या जरा.

कृष्णाकाठ (सांगली): भांडू नका. कंपनीला लेखी तक्रार द्या, नाही ऐकलं तर पुण्यात विमा लोकपाल आहे, वकील लागत नाही.

सातारी मिरची: बरं बाबा, तुम्ही सगळे हरिश्चंद्र. खरं लिहितो, लोडिंगपण भरतो. पण उद्या शुगर गोळीशिवाय नॉर्मल आली तर हप्ता उतरवतील का, ते कुठला एजंट लिहून देतोय?

वाईचा एजंट: रिन्यूअलला रिपोर्ट जोडून अर्ज करा. लिहून मी नाही देणार.