पोलिश माणसाने इंग्रजीचे जड शब्द पाठ करत बसावं का?

व्रोत्स्वाफवाला
माझ्या टीममधे जवळपास सगळे पोलिश आहेत, इंग्रजी चांगलं बोलतात, आता त्यातले काही सी-वनच्या, म्हणजे बऱ्याच वरच्या पातळीच्या इंग्रजीच्या, परीक्षेच्या मागे लागलेत आणि जेवताना पण अंकी ह्या अ‍ॅपवर शब्द पाठ करायची कार्डं फिरवत असतात. कार्डांवर काय, तर कॉन्टेम्प्लेशन, लॅकोनिक, अ‍ॅम्बिव्हॅलन्ट. माझं स्पष्ट मत आहे की हा वेळ वाया चाललाय. पोलिशमधे कोन्तेम्प्लात्सिया आहे, लाकोनिच्नी आहे, आंबिवालेन्त्नी पण आहे. चर्च, कोर्ट, विद्यापीठ सगळीकडे शतकानुशतकं लॅटिन चाललं तिथे, क्राकूवचं विद्यापीठ 1364 चं, कोपर्निकसने 1543 चा ग्रंथ लॅटिनमधेच लिहिला. मग शेवटी 'त्सिया' असलेला शब्द दिसला की 'शन' लावायचं, निम्मं काम झालं. आपल्याला जे शब्द भारी वाटतात ते ह्यांना फुकटात मिळतात. अडतं कुठे, तर पुट अप विथ, गेट अवे विथ, कम अक्रॉस असल्या बारक्या शब्दांत. कार्डं करायचीच तर ह्यांची करा ना.

शब्दवेडी
अजिबात पटलं नाही. सगळ्यात मोठा धोका नेमका तुमच्या त्या 'फुकट' शब्दांतच आहे. पोलिशमधे एवेन्तुआल्न्ये म्हणजे 'गरज पडली तर, जमल्यास'. आता एखादा पोलिश माणूस क्लायंटला मेल टाकतो, 'वी विल इव्हेंच्युअली मूव्ह द रिलीज', त्याच्या मनात आहे की वेळ पडली तर पुढे ढकलू, आणि क्लायंट वाचतो की शेवटी हे ढकलणारच! व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, म्हणून कुणी दुरुस्त पण करत नाही. कोन्फिदेन्त म्हणजे पोलिसांचा खबऱ्या, ओर्दिनार्नी म्हणजे असभ्य, आक्तुआल्नी म्हणजे सध्याचा. ओळखीचा वाटतो म्हणूनच माणूस डिक्शनरी उघडत नाही. मी तर म्हणेन पोलिश माणसाने लॅटिनवाल्या शब्दांचीच कार्डं आधी करावीत.

क्राकूवकर
दोघंही कार्डांतच अडकलात. वाचा हो, भरपूर वाचा! जोसेफ कॉनरॅड बघा, 1857 चा जन्म, पोलिश घर, फ्रेंच आधी शिकला, इंग्रजी विशीनंतर ब्रिटिश जहाजांवर, आणि त्या भाषेत केवढा मोठा कादंबरीकार झाला. पॉल नेशन ह्या भाषातज्ज्ञाचा हिशोब आहे की कादंबरी आरामात वाचायला साधारण 8 ते 9 हजार शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कूळ) लागतात. एवढं कार्डांनी कधी होणार? वाचनातच शब्द पुन्हा पुन्हा भेटतो, आणि दर वेळी वेगळ्या संगतीत भेटतो.

जुना मास्तर
क्राकूवकर, कॉनरॅड वर्षानुवर्षं इंग्रज खलाशांबरोबर राहिला, चुकलं तर काम अडायचं. आजचा पोलिश मुलगा घरी पोलिश, ऑफिसात निम्मं पोलिश, आणि टीव्हीवर लेक्टर! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तिकडे टीव्हीवर परदेशी सिनेमा लागला की एकच माणूस सपाट आवाजात सगळ्यांचे डायलॉग पोलिशमधे वाचतो, बायकांचे पण, आणि मूळ इंग्रजी खाली पुसटसं ऐकू येतं. अशा माणसाला एखादा दुर्मिळ शब्द पुन्हा भेटेपर्यंत पहिली भेट पुसून गेलेली असते.

आणि कार्डांना नावं ठेवण्याआधी हे पण बघा की ठराविक अंतराने तेच कार्ड पुन्हा समोर आणायची ही पद्धत पोलंडमधेच वाढली. पिओत्र वोझनियाक पोझनानला शिकत होता, इंग्रजी शब्द आणि बायोकेमिस्ट्री डोक्यात राहीना म्हणून 1985 मधे कागदावर प्रयोग केले, 1987 मधे त्याचा प्रोग्राम केला, तोच सुपरमेमो. अंकी कित्येक वर्षं त्याच्याच सूत्रावर चाललं.

व्रोत्स्वाफवाला
मास्तर, त्याच वोझनियाकचा पहिला नियम आहे की समजलं नसेल तर पाठ करू नका. इथे लोक तयार डेक, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कार्डांचे गठ्ठे, उतरवून घेतात, एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला पोलिश, ना वाक्य ना संदर्भ. माझा राग त्यावर आहे.

शब्दवेडी ताई, फसवे शब्द धोक्याचे हे अगदी मान्य, पण रोज नडणारे असे शब्द मोजकेच, त्यांची वेगळी यादी महिन्याभरात हातावेगळी होईल. पुट अप विथ, कम अक्रॉस असल्या फ्रेझल व्हर्ब्सचा समुद्र आहे त्याचं काय?

शब्दवेडी
समुद्र आपल्याला वाटतो. पोलिश क्रियापदांना उपसर्ग लागून अर्थ बदलतच असतात. पिसाच् म्हणजे लिहिणं, ओपिसाच् वर्णन करणं, पोद्पिसाच् सही करणं, झापिसाच् नोंदवून ठेवणं. एकाच धातूला छोटा तुकडा लागला की अर्थ फिरतो हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. तुकडा पुढे न लागता मागे लागतो एवढाच फरक, शिकवणाऱ्याने तो धागा दाखवला पाहिजे, क्लासमधे मात्र वर्णानुक्रमाने यादी हातात देतात.

क्राकूवकर
धागा दाखवून अर्थ कळत नाही हो! 'गिव्ह अप' मधल्या 'अप' वरून सोडून देणं कुठल्या उपसर्गाने समजणार? वाक्यातच वाचावं लागतं.

जुना मास्तर
म्हणूनच वाचलेलं वाक्य जसंच्या तसं कार्डावर घ्यायचं, शब्दाच्या जागी रिकामी जागा, आणि मागे पोलिश अर्थ लिहायचा नाही. एवेन्तुआल्न्येसारख्या शब्दांना तर नक्कीच नाही.

व्रोत्स्वाफवाला
हे चालेल मला. पण मग तयार डेक आधी डिलीट करा म्हणावं, आणि टीव्हीवर लेक्टर बंद करून मूळ आवाज लावा, हल्ली बऱ्याच ठिकाणी तो पर्याय असतो.