कीकॅडमध्ये घटकांच्या चिन्हांचा आकार लहान कसा करावा?

प्रश्न : परळचा_विद्यार्थी
नमस्कार. मी मुंबईत इलेक्ट्रॉनिक्स पदविकेच्या शेवटच्या वर्षात शिकत असून प्रकल्पासाठी एलएम३५८ या ऑप-अँपवर (संकेत मोठा करणाऱ्या आयसीवर) आधारलेल्या तापमापकाचे स्कीमॅटिक, म्हणजे जोडणीचा आराखडा, कीकॅड या सर्किट काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतो आहे. जर्नलला ए४ कागदच चालतो आणि रेझिस्टर, कपॅसिटर यांची चिन्हे इतकी जागा खातात की उजवीकडचा सगळा भाग शीर्षक-चौकटीवर चढतो. कोपरा धरून चिन्ह ओढण्याची किंवा टक्केवारी देऊन लहान करण्याची सोय कुठे आहे? आणि चिन्ह लहान केल्यास पीसीबीवरील (छापील सर्किट बोर्डवरील) घटकाची जागाही बदलेल का?

उत्तर : लॅमिंग्टन_रोडकर
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. बोर्डवरील जागा फूटप्रिंटवरून, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या पॅडच्या मांडणीवरून ठरते, चिन्हावरून नाही.

स्कीमॅटिकमध्ये ठेवलेले चिन्ह ओढून लहान करण्याची सोय कीकॅडमध्ये नाही आणि माझ्या मते ती नाही हेच बरे. पिनचे टोक आणि वायरचे टोक नेमके एकाच बिंदूवर आले तरच जोडणी धरली जाते, म्हणून सर्व पिना ५० मिलच्या, म्हणजे १.२७ मिमीच्या, ग्रिडवर बसवलेल्या असतात. चिन्ह ८० टक्के केले की पिना ग्रिडवरून सरकतात. पडद्यावर वायर टेकलेली दिसते, पण पिनच्या टोकाचे बारीक वर्तुळ जात नाही, म्हणजेच जोडणी झालेली नसते.

तुमचे काम मात्र तयार चिन्हांनी भागेल. डिव्हाइस लायब्ररीत ‘आर_स्मॉल’ आणि ‘सी_स्मॉल’ आहेत. नेहमीच्या ‘आर’च्या दोन पिनांत ७.६२ मिमी अंतर असते, ‘आर_स्मॉल’मध्ये ५.०८ मिमी. ‘चेंज सिम्बॉल्स’ वापरून सगळे एकदम बदलता येतात.

उत्तर : सावकाश_सोल्डर
वरील उत्तराशी सहमत आहे, पण एक पुस्ती जोडतो. ऑप-अँपसारख्या ज्या चिन्हाची लहान आवृत्ती मिळत नाही, ते सिम्बॉल एडिटरमध्ये उघडून स्वतःच्या लायब्ररीत वेगळ्या नावाने साठवावे, कारण मूळ लायब्ररीत बदल साठवता येत नाही. त्यानंतर पिनांची लांबी कमी करून त्या आत घ्याव्यात, मात्र त्यांची टोके ५० मिलच्याच ग्रिडवर ठेवावीत. ऑप-अँपच्या चिन्हातील त्रिकोणाच्या रेषांसाठी हवे तर बारीक ग्रिड घ्यावे, कारण त्या रेषांना कोणतीही जोडणी नसते. पुढे लायब्ररीत बदल केल्यास ‘अपडेट सिम्बॉल्स फ्रॉम लायब्ररी’ चालवावे लागते, कारण आवृत्ती ६ पासून चिन्हाची प्रत स्कीमॅटिकच्या फाइलमध्येच राहते.

परळचा_विद्यार्थी
दोघांचेही आभार. एका मित्राचे म्हणणे आहे की पानाचा आकार ए३ ठेवून छपाई ए४ वर करावी, म्हणजे सगळेच आपोआप लहान होईल. हे योग्य ठरेल का?

सावकाश_सोल्डर
होईल, पण अक्षरेही लहान होतील. ए३ वरून ए४ वर येताना प्रत्येक लांबी सुमारे ७१ टक्के होते, त्यामुळे १.२७ मिमी उंचीचे अक्षर ०.९ मिमीवर येते. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढलेल्या प्रतीत ‘४.७ के’ मधला दशांशचिन्हाचा ठिपका राहीलच याची खात्री नाही, आणि तोंडी परीक्षेत नेमके तेच विचारतात. ‘आर_स्मॉल’ घेतल्यास अक्षरांची उंची तशीच राहते. तरीही जागा पुरली नाही, तर वीजपुरवठ्याचा भाग हायरार्किकल शीट (मुख्य पानाला जोडलेले उपपान) करून दुसऱ्या पानावर न्यावा. परीक्षकालाही ते वाचायला सोपे जाते.

लॅमिंग्टन_रोडकर
चिन्हे बदलल्यावर प्रत्येक रेझिस्टरच्या दोन्ही टोकांशी ५० मिलची फट पडेल, कारण पिना आत सरकतात आणि जुन्या वायर जागेवरच राहतात. त्या फटी भरून मगच ईआरसी (जोडणीतील चुका शोधणारी तपासणी) चालवावे, नाहीतर न जोडलेल्या पिनांच्या त्रुटींचा ढीग समोर येईल.