क्लायव्हसचा कॉर्डोमा: ऑपरेशन झालंय, रेडिएशन कुठे घ्यावं?

डोंबिवली_पूर्व: आईला सगळं दोन-दोन दिसायला लागलं म्हणून एमआरआय केला, तर कवटीच्या तळाच्या हाडात (क्लायव्हस) कॉर्डोमा, म्हणजे हाडातला एक कॅन्सर, निघाला. नाकातून दुर्बिणीने ऑपरेशन झालं, पण ब्रेनस्टेमला (मेंदूच्या देठाला) चिकटलेला गाठीचा भाग ठेवावा लागला. इथल्या हॉस्पिटलात म्हणतात, सोमवारपासून नेहमीच्या एक्स-रेच्या मशीनवर ५४ ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप) देऊ. सुरू करू की थांबू?

खारघरकर: ताई, सोमवार पुढे ढकला आणि आधी दुसरं मत घ्या. ही गाठ सावकाश वाढते, पण चिवट असते. ५४ ला सहसा बधत नाही, ७० ते ७४ ग्रे लागतात. एवढा डोस ब्रेनस्टेमला सोसत नाही, खरी अडचण तीच. प्रोटॉन हा रेडिएशनचा वेगळा प्रकार, तो ठरलेल्या खोलीवर ऊर्जा सोडून थांबतो, पलीकडे जवळपास काहीच जात नाही, म्हणून अशा जागी त्याचा विचार करतात. टाटा हॉस्पिटलचं प्रोटॉन सेंटर इथे खारघरला अ‍ॅक्ट्रेकमध्ये (त्यांच्याच कॅन्सर संशोधन केंद्रात) आहे, २०२३ पासून पेशंट घेतात. चेन्नईला अपोलोत २०१९ पासून आहे. नंबर लागायला वेळ जाणार असेल तर तिथल्याच डॉक्टरांना विचारा, थांबणं चालेल का. साध्या मशीनवरही आयएमआरटीने (किरणांची तीव्रता जागेप्रमाणे कमी-जास्त करायची पद्धत) जास्त डोस बसवता येतो, पण त्यात हात बसलेला माणूस हवा.

जाताना बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) दोन्ही न्या, ऑपरेशन नोट न्या, एमआरआयची सीडी न्या. नुसत्या रिपोर्टवर प्लॅन होत नाही. डोळे, कान आणि पिट्युटरीचे (मेंदूखालच्या ग्रंथीचे) हार्मोन आधीच तपासून ठेवा, पुढे तुलनेला लागतात.

सेक्रमवाला_भाऊ: ही गाठ मणक्यात, खाली माकडहाडाजवळच्या सेक्रममध्येही होते. ज्यांचं असं मणक्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी रेडिएशनवाल्या डॉक्टरांना *आधी* भेटा, हात जोडून सांगतो. माझ्या भावाला टायटॅनियमचे स्क्रू बसवले आणि सीटीत त्यांच्या रेघा उमटून प्लॅनिंग अवघड झालं. कार्बन फायबरचे मिळतात, हे आम्हाला कुणी बोललंच नव्हतं.

डोंबिवली_पूर्व: सोमवार रद्द केला, ब्लॉक मागितलेत. आईला बंद जागेची भीती वाटते, रेडिएशन देताना डोकं हलू नये म्हणून घालतात त्या मास्कचं कसं करायचं?

खारघरकर: जाळीची प्लॅस्टिकची शीट असते. गरम पाण्यातून काढून चेहऱ्यावर ताणतात, निवली की घट्ट बसते. श्वास मोकळा राहतो. पहिल्याच दिवशी टेक्निशियनला भीतीचं सांगून ठेवा, बाहेरून ते बोलत राहतात. सोमवार ते शुक्रवार, सात-आठ आठवडे चालतं. ठाण्याहून पनवेल लोकल खारघरला थांबते, पण आईंना रोजचा प्रवास झेपणार नाही, जवळ खोली बघा.