शब्दचर्चा: खुसखुशीत, कुरकुरीत, चुरचुरीत – नेमका फरक काय?

निगुती
फराळाच्या पाककृती वाचताना एक गोष्ट खटकते. करंजी खुसखुशीत, चकलीही खुसखुशीत, आणि पुढच्याच ओळीत तीच चकली कुरकुरीत. चिरोट्यांना तर दोन्ही विशेषणं एका दमात. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? चालत नसतील तर सीमारेषा कुठे? कोशातला अर्थ नको, परातीतला आणि कढईतला हवा.

झारा
चालत नाहीत. खुसखुशीतपणा मोहनातून, म्हणजे पीठ भिजवण्याआधी त्यात चोळलेल्या तुपा-तेलातून येतो, कुरकुरीतपणा पाणी उडून गेल्यामुळे. खुसखुशीत पदार्थाचा दाताखाली भुगा होतो, चावावं लागत नाही. कुरकुरीत पदार्थ मोडतो, आवाज करतो, त्याचे तुकडे पडतात. नानकटाई खुसखुशीत, पापड कुरकुरीत. अदलाबदल करून बघा, कानाला लगेच खटकेल.

मैद्यात किंवा कणकेत पाणी पडलं आणि मळणं सुरू झालं की ग्लुटेनचं, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचं जाळं तयार होतं. पोळीला ते हवं असतं, शंकरपाळीला नको. पाण्याआधी तूप चोळलं की पिठाच्या कणांवर त्याचा थर बसतो, पाणी आत कमी शिरतं, जाळं तुटक राहतं. ही तुटकी जाळी म्हणजे खुसखुशीतपणा. म्हणून मोहन पाण्याच्या आधी, आणि कडकडीत. तापलेलं तूप पातळ असल्याने सगळीकडे पोचतं, थिजलेलं गुठळ्यांनी राहतं. मग पदार्थ एका बाजूला विरघळणारा आणि दुसऱ्या बाजूला दातांची परीक्षा घेणारा होतो.

मोहन पुरेसं झालं का, हे बघायला पीठ मुठीत दाबायचं. मुटका वळला पाहिजे आणि बोट टेकवताच फुटला पाहिजे. वळतच नसेल तर मोहन कमी.

शंकरपाळ्यांचं जुनं माप त्याच हिशोबाचं आहे: १ वाटी तूप, १ वाटी साखर, १ वाटी दूध किंवा पाणी आणि त्यात मावेल तेवढा मैदा, साधारण ४ ते ५ वाट्या. इथे साखर फक्त गोडीसाठी नसते. तीही पाणी धरून ठेवते आणि ग्लुटेनला अडवते. ‘कमी गोड करू’ म्हणून साखर अर्धी केली की शंकरपाळी कडक होते, आणि दोष मात्र तुपाला दिला जातो.

वेलची
हिंदीत मोयन, गुजरातीत मोण, आपल्याकडे मोहन. विदर्भात कचोरीबद्दल बोलताना ‘खस्ता’ ऐकू येतो, तोही खुसखुशीतच्या घरातला. कुरकुरीतला खस्ता म्हणणारं कुणी भेटणार नाही.

निगुती
करंजी-शंकरपाळीचं पटलं. पण चकलीचं काय? तिच्यात मोहनही असतं आणि ती आवाजही करते.

भाजणी
चकलीला दोन्ही शब्द लागू आहेत, म्हणूनच ती बिघडायच्या वाटाही जास्त.

नेहमीची भाजणी म्हणजे ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, वर धणे-जिरे. तांदूळ कुरकुरीतपणा देतो, उडीद पीठ बांधून ठेवते. यात गहू नाही, म्हणजे ग्लुटेनचा प्रश्नच नाही. मोहन इथे जाळं तोडायला नसतं, भाजलेल्या पिठाचा दगड होऊ नये म्हणून असतं. त्यामुळे ते थोडंच लागतं: १ वाटी भाजणीला १ मोठा चमचा कडकडीत तेल आणि जवळजवळ १ वाटी उकळतं पाणी. झाकून ठेवायचं, मग मळायचं.

चकलीचे स्वतःचे शब्दही बघा. काटा येणे: सोऱ्यातून पडताना कडा धारदार उमटणे. पीठ सैल झालं की काटा येत नाही, आणि अशी चकली तेलही पिते. नळी पडणे: तळल्यावर आत पोकळी राहणे. चांगली चकली मोडून बघितली की मधे बारीक भोक दिसतं. मोठ्या आचेवर बाहेरून लाल झाली आणि आत ओल राहिली तर नळी पडत नाही, गाभा चिकट राहतो. सोऱ्यातून पडतानाच चकलीचे तुकडे होत असतील तर पीठ घट्ट आहे, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा.

आणि हसणे. तेलात पडल्या पडल्या चकली सुटून विरघळायला लागली की ‘चकली हसली’ म्हणतात. कारण बहुतेक वेळा मोहन जास्त, नाहीतर तेल पुरेसं तापलेलं नाही. उपाय: उरलेल्या पिठात थोडी कोरडी भाजणी मिसळायची.

कधी काढायची हे तेलच सांगतं. चकली टाकल्यावर येणारे बुडबुडे म्हणजे पिठातल्या पाण्याची वाफ. बुडबुडे जवळजवळ थांबले, तेल शांत झालं, की पाणी गेलं. रंग आला म्हणून त्याआधी काढलेली चकली ताटलीत छान लागते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते.

खसखस
हसण्याचा मूळ मान अनारशांचा! तांदूळ ३ दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, निथळून सावलीत वाळवायचे आणि दमट असतानाच दळायचे. मग गूळ किंवा साखर, थोडं तूप, आणि गोळा ४-५ दिवस मुरायला. गूळ जास्त झाला किंवा पिठात ओल जास्त राहिली की अनारसा तुपात हसतो, जाळी पसरून त्याचा चुरा होतो. तांदळाची थोडी कोरडी पिठी मिसळली की थांबतो. गूळ कमी पडला तर मात्र हसतही नाही आणि जाळीही पडत नाही, टणक चकती निघते. खसखशीची बाजू वर ठेवून तळायचा, उलटायचा नाही, वरून झाऱ्याने तूप उडवायचं.

आता अनारशाला काय म्हणाल? कडा कुरकुरीत, मध्य मऊ, सगळा मिळून जाळीदार. खुसखुशीत म्हणणाऱ्यांशी मी वाद घालेन.

नेवरी
गोव्यात करंजीला नेवरी म्हणतात. पारी, म्हणजे बाहेरचं आवरण, तीच, शब्दही तोच, खुसखुशीत. पण साट्याची करंजी आणि चिरोटे यांना एक वेगळा शब्द आहे: पापुद्रे सुटणे. साटा म्हणजे तूप हाताने फेसून त्यात तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोर मिसळून केलेलं मलम. ३ पातळ पोळ्या एकावर एक, प्रत्येकीवर साटा, घट्ट गुंडाळी, अर्ध्या इंचाचे तुकडे, हलक्या हाताने लाटणं. तूप थरांच्या मधे असतं, त्यामुळे थर एकमेकांना चिकटत नाहीत. साटा पातळ झाला तर तो तळणीत वाहून जातो. लाटताना जोर लावला तर थर एक होतात. आणि तूप खूप तापलेलं असेल तर बाहेरचा पापुद्रा लाल, आतले कच्चे.

म्हणजे चिरोट्याला दोन्ही विशेषणं लावणाऱ्याची फार चूक नाही. प्रत्येक पापुद्रा कुरकुरीत, सगळा चिरोटा खुसखुशीत.

शुद्धमती
भाषेच्या बाजूने एक. लेखन खुसखुशीत असतं, विनोद खुसखुशीत असतो, टीका चुरचुरीत असते, बातमी खमंग असते. कुरकुरीत शैली मात्र कुणाची नसते. माझा कयास असा की ‘कुरकुर’ला तक्रारीचा अर्थ आधीच चिकटलेला होता (खाटेची कुरकुर, पोराची कुरकुर), त्यामुळे तिथे स्तुतीला जागा उरली नाही.

‘खमंग’ला या यादीत घेऊ नका. तो वासाचा आणि भाजण्याचा शब्द, पोताचा नाही. बेसन लाडू खमंग असतो आणि रवाळ असतो. रवाळ नसेल तर टाळूला चिकटतो.

निगुती
आणि चुरचुरीत? ‘पोहे चुरचुरीत होईपर्यंत भाजा’ असं असतं.

झारा
चुरचुरीत म्हणजे पातळ वस्तूचा कुरकुरीतपणा, जो चिमटीत तपासता येतो. पातळ पोहे चिमटीत चोळल्यावर चुरा झाला की झाले. कुरकुरीत चकली चिमटीत चुरडत नाही, मोडावी लागते. पोह्यांना आच मंद ठेवा, नाहीतर आकसतात: कडा आत वळतात आणि पोहा बारीक, कडक होतो. कडक उन्हात दिलेले पोहे आकसत नाहीत, फक्त हातात वेळ हवा.

सोलापुरी
‘कडक’ हे नेहमी दूषण नव्हे. आमच्या भागात ज्वारी-बाजरीची कडक भाकरी ही विकत घ्यायची वस्तू आहे. पातळ थापून, भाजून, पूर्ण वाळवलेली. तिला कुरकुरीत भाकरी म्हटलं तर दुकानदार काहीतरी नवीन आलंय असं समजेल.

भाजणी
बिघाडाचे शब्दही इथेच नोंदवून ठेवू, तिथे गोंधळ आणखी मोठा असतो.

सादळणे: हवेतली ओल शोषून मऊ पडणे. तळण नीट झालेलं असतं, डबा चुकलेला असतो. गरम चिवडा डब्यात भरला की वाफ झाकणाला लागून खाली उतरते आणि चिवडा आतूनच सादळतो. पूर्ण गार होऊ द्या.

वातड: दाताने ओढावा लागतो, तुटत नाही. मोहन कमी, पीठ जास्त मळलं, पारी जाड राहिली, यांपैकी काहीतरी. पोळीच्या बाबतीत ‘चिवट’ जास्त ऐकू येतं.

दडस: आत हवा नाही, जड. इडली, ढोकळा, जाड भाकरी यांना लागतो. चकलीला कुणी दडस म्हणत नाही, नळी पडली नाही म्हणतात.

निगुती
मग पारखायचं कसं? मऊ पडलेली करंजी सादळलेली की वातड?

झारा
एक करंजी १०० ते ११० अंशांवर ओव्हनमध्ये १० मिनिटं ठेवा आणि पूर्ण गार करून मोडा. भुगा झाला तर सादळली होती, बाकीच्याही तशाच तापवून घ्या. गार झाल्यावरही ओढावी लागली तर वातड आहे, ती कितीही तापवली तरी फक्त कडक होईल. सारणात ओलं खोबरं असेल तर मात्र हा उपाय करू नका, सारणाची ओल पारीत उतरत राहते. अशा करंज्या त्याच दिवशी संपवायच्या.