मदत हवी आहे: सायकल मार्गिकेसाठी निवेदन कसं लिहावं?

नमस्कार मंडळी. मी नेरूळला राहते, रोज सायकलने वाशीला कामाला जाते. पाम बीच रोडवर गाड्या सुसाट, म्हणून सेक्टरमधल्या आतल्या रस्त्यांनी जाते. तिथे कडेला दोन-दोन रांगांत पार्किंग! परवा एका गाडीचं दार अचानक उघडलं, थोडक्यात वाचले.

आता आम्ही पंधरा-वीस जण मिळून वेगळ्या सायकल मार्गिकेसाठी निवेदन देणार आहोत. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा आणि रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या आयआरसी ११ या सायकल मार्गिकांच्या मानकाचा आधार घेतेय. नुसता रंगाचा पट्टा नको. त्यावर चार दिवसांत रिक्षा उभ्या राहतात. मध्ये दगडी कठडा किंवा खांब हवेत.

कुणी असा पाठपुरावा केलाय का? निवेदन आधी वॉर्ड ऑफिसात द्यावं की थेट अभियांत्रिकी विभागात? रस्त्याच्या रुंदीचे नकाशे माहिती अधिकारात मागितले तर अर्जात नेमकं काय लिहावं? आणि खरी धास्ती दुकानदारांची आहे. पार्किंग जाणार म्हटलं की ते बिथरतात. त्यांना कसं समजावलंत? जुन्या निवेदनाचा नमुना असेल तर कृपया पाठवा.