रिपोर्टमधल्या 'रिप्लेस्ड'ला मराठीत काय म्हणायचं?

सांगलीहून लिहितोय. आत्याला कावीळ झाली म्हणून मिरजेत तपासलं तर पित्तनलिकेचा कॅन्सर निघाला, यकृतातनं उजवी आणि डावी नळी येऊन जिथं एक होतात नेमकं तिथंच. सीटीच्या रिपोर्टमधे ओळ आहे, 'रिप्लेस्ड राइट हिपॅटिक आर्टरी'. आमच्याकडं रिप्लेस म्हटलं की गुडघाच आठवतो, त्यामुळं काका म्हणाले हिचं आयुष्यात ऑपरेशन झालेलं नाही मग धमनी बदलली कुणी आणि कधी, रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तर नाही ना. आत्या रात्रभर झोपली नाही. तिला समजेल असा शब्द सांगा.

उत्तर, साताऱ्यातून : दादा, आधी आत्यांना सांगा की कुणी काही बदललेलं नाही, जन्मापासनंच तशी आहे. यकृताची धमनी नेहमी सीलिअॅक नावाच्या खोडातनं निघते आणि पुढं तिचे उजवा-डावा असे फाटे होतात. साधारण १० जणांत एकाची उजवी धमनी त्या खोडातनं न येता आतड्याला रक्त देणाऱ्या मोठ्या धमनीतनं येते. नेहमीची नाहीच, तिच्या जागी ही, म्हणून 'रिप्लेस्ड'. नेहमीची असून शिवाय आणखी एक असली तर 'ॲक्सेसरी'. मी 'बदली' आणि 'जादाची' असे शब्द वापरते. हा फरक सर्जनसाठी फार मोठा आहे, कारण जादाची बांधली तरी बहुतेकदा निभावतं पण बदली धमनी चुकून बांधली तर उजव्या बाजूचं धमनीचं रक्तच बंद. यकृताला तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेन, म्हणजे आतड्याकडनं यकृतात येणारी मोठी शीर, देते हे खरं, पण पित्तनलिका मात्र धमनीवरच जगतात, आणि ऑपरेशनमधे उरलेली नळी आतड्याला जोडायची असते.

आणखी एक उत्तर : ताई, अर्थ पटला पण 'बदली' नको. एसटीतल्या माणसाला बदली म्हटलं की इथनं तिथं हलवलं असंच वाटणार, म्हणजे काकांचा प्रश्न परत तिथंच. 'ठेवण' म्हणा. चेहऱ्याची ठेवण वेगळी असते तशी नसांची. त्यात दोष नाही, आजारही नाही. रिपोर्टमधे कधीकधी 'ॲनोमली' लिहितात त्याला लोक 'बिघाड' म्हणतात, ते तर अजिबात म्हणू नये.

मूळ प्रश्नकर्ता : 'ठेवण' चाललं! आत्याला म्हटलं तुझ्या नसांची ठेवण वेगळीय, तर म्हणाली मग आईवर गेली असंल, आणि जेवली. डॉक्टरांना परत भेटलो. नेहमीची उजवी धमनी पित्तनलिकेच्या अगदी मागनं जाते त्यामुळं तिथली गाठ तिलाच आधी धरते, आत्याची मात्र पोर्टल व्हेनच्या मागनं, गाठीपासनं लांबनं जातीय. गाठ डाव्या नळीत जास्त पसरलीय म्हणून यकृताचा डावा भाग काढायचा आणि उजवा ठेवायचा, म्हणजे ही वेगळी ठेवण कामालाच आली. उजवा भाग मोठा असतो त्यामुळं उरणारं यकृत पुरेल म्हणाले. उजवा काढायचा असता तर उजवीकडची पोर्टल व्हेन आधी बंद करून डावा भाग वाढायची काही आठवडे वाट बघावी लागली असती.

दोन नळ्या मिळतात त्याला मी संगम म्हटलं, हरिपूरला कृष्णा-वारणा मिळतात तसा. अडचण अशी की तिथंच पोर्टल व्हेनचा फाटा फुटतो, रक्त आत जातं आणि पित्त बाहेर येतं, मग त्या सगळ्या जागेला काय म्हणायचं? डॉक्टर तिला 'पोर्टा' म्हणतात, आणि 'पोर्टा' म्हणजे दार हे त्यांनीच सांगितलं होतं. मी 'यकृताची वेस' म्हटलं, आत्याला लगेच कळलं.